बाहेर काढलेले मास्तर

—नाही नाही, त्या खुर्चीवर नको, तिचा पाय निखळलाय, ती डोलणारी घ्या, खिडकीजवळची, आणि बसायच्या आधी हिला धरा — धरा हो मास्तर, दोन्ही हातांनी, मानेखाली हात घालून — हं, अशी, छातीशी. बसा आता. रडू दे, रडतेच ती, तुम्ही मनावर घेऊ नका. तुम्हाला काही करायचं नाही. गाणं म्हणायचं नाही, थोपटायचं नाही, खुळखुळा वाजवायचा नाही. तुम्ही नुसतं रागावलेलं राहायचं. तेवढं तर जमेल ना, आत्ताच बाहेर काढलंय तुम्हाला! तोवर मी हा भात उतरवते, ओल्या तुरीचा आहे, नारळाच्या दुधातला, जरा लक्ष गेलं की बुडाला — लागलाच. जाऊ दे, खरवड एलिहियोला आवडते. एलिहियो म्हणजे माझा नवरा. म्हणजे तुमचा पंच. म्हणजे ज्यानं तुम्हाला आत्ता बाहेर काढलं ना, तो.

असं काय बघताय? कुणी सांगितलं नाही तुम्हाला? मला वाटलं गुण लिहिणाऱ्या टेबलावरच्यांनी सांगितलं असेल. अहो, बास्केटबॉलचा नियमच आहे — दोन टेक्निकल फाउल झाले की कोचनं मैदान सोडायचं, आणि नुसतं सोडायचं नाही, तो दिसता कामा नये आणि ऐकू येता कामा नये. शहरात त्याला कपडे बदलायच्या खोलीत बसवतात. आमच्या ला हावीया वस्तीच्या क्लबातही होती तशी खोली, नाही असं नाही, पण तिच्यात आता सान रोके संताची मिरवणुकीची मूर्ती ठेवतात, शेजारी त्याचा कुत्रा, आणि पाद्रीबाबा म्हणाले, असल्या शिवराळ तोंडाचा माणूस मी संतापुढे बसवू देणार नाही. मग बाहेर काढायला लागले. तर एक कोच बाहेर गेला आणि आंब्यावर चढून बसला आणि तिथनं खुणा करायला लागला. दुसरा समोरच्या वाण्याच्या दुकानात शिरला, तिथला गाण्यांचा भोंगा आहे ना, त्याचा माइक हिसकावला आणि सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असा बोंबलला, ‘पाच नंबर, डावीकडे सरक गाढवा!’ — पाच नंबर सरकला, आणि रस्त्यानं दुधाचा कॅन घेऊन चाललेला मोटारसायकलवालाही सरकला, गटारात. तेव्हा कमिटी बसली. आमचं मागचं दार मैदानापासून तीस पावलांवर. आणि दोन्या तोमासिना — कमिटीतली सगळ्यात म्हातारी — ती म्हणाली, दूधपित्या पोराच्या घरात कोण मेला ओरडेल? ठरलं. मला विचारलं का? नाही विचारलं. मी तेव्हा बाळंतिणीच्या खाटेवर होते. उठले तर स्वयंपाकघरात कोच.

अजून रडतेय? रडेल, दोन-चार मिनिटं रडेल. दारिएलिस नाव तिचं. पाच महिन्यांची झाली गेल्या मंगळवारी. तिच्या मनगटातला तो काळा मणी वर येऊ द्या, आत दाबू नका, दृष्टीचा आहे. तुमची दृष्ट लागेल असं नाही म्हणत मी, पण तुम्ही परक्या वस्तीचे, अंतिम सामना खेळायला आलेले, आणि दृष्ट काय सांगून लागते? मला सगळ्याचंच भय वाटतं, मास्तर. बावीस वर्षांची आहे मी, पहिलंच पोर, सातवीनंतर शाळा सुटली, पुस्तकात काय लिहिलंय ते नर्सबाई वाचून दाखवतात तेवढंच. टाळू खाली गेली की भय, वर आली की भय. रडली की वाटतं काहीतरी दुखतंय, गप्प बसली की नाकापुढे बोट धरून बघते. पोटात कळ येते म्हणतात तिच्या. बडीशेपेचं पाणी दिलं, पोटाला तेल लावलं, सासू म्हणाली तुझं दूध पातळ, शेजारीण म्हणाली सासूची नजर जड. उपाय एकच निघाला. आणि तो सापडला कसा, तर त्या तोरिबियोमुळे.

तोरिबियो ओळखता ना? लोस मांगोसचा कोच, रेड्याएवढा. फेब्रुवारीतली गोष्ट. त्यानं बेंचाखालची पाण्याची पेटी लाथेनं उडवली, ती जाऊन पाद्रीबाबांच्या मांडीत. एलिहियोनं हातांनी टेक्निकलचा ‘टी’ केला, पुन्हा केला, आणि तोरिबियो इथे, या दारात. नाकपुड्या अशा फुललेल्या. मी कढईपाशी, केळी तळत होते, तेल तापलेलं, ही काखेत किंचाळतेय — काय करणार? दिली त्याच्या हातात. म्हटलं, धरा. आणि मास्तर, देवाशपथ, चार मिनिटं. चार मिनिटांत झोपली. त्याची छाती अशी धाडधाड उडत होती, ढोल वाजावा तशी, आणि ही त्याच्यावर गाल टेकून तीन तास. सामना संपला, लोक घरी गेले, मंडपातली खुर्च्यांची चळत सुद्धा रचून झाली, तोरिबियो आपला बसलेला. पुढच्या रविवारी स्वतःहून विचारायला आला, पोरगी झोपते का म्हणून. बाहेर न काढता आला हो, उगीच. म्हटलं बसा. पण त्या दिवशी त्याला राग नव्हता. नाहीच झोपली.

म्हणजे माझ्या लक्षात आलं, राग ताजा लागतो. शिळा चालत नाही. त्यानंतर सहा कोच झाले, तुम्ही आठवे — सातवे — तोरिबियोला धरून आठवे. एक आला तो रागावण्याऐवजी दुःखी झालेला, हुंदके देत होता बिचारा, मग ही रडायला लागली, मग मी रडायला लागले, तिघंही रडलो, काही उपयोग झाला नाही. आणि तुम्ही म्हणाल बापाच्या छातीवर का नाही झोपत? अहो, त्याला राग येतच नाही! मेकॅनिक आहे तो सोमवार ते शनिवार, स्पॅनर बोटावर पडतो आणि तो बोटाकडे बघून मान डोलावतो. चार वर्षं शिकला राग न यायला. आता लागला तर कुठून आणायचा?

शिकवतात त्यांना. तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही एकोणीस वर्षं समोरच्या बाजूला उभे आहात, पण आतलं तुम्हाला ठाऊक नसेल. तीन दिवसांचा वर्ग होता शहरात, आणि घरी येऊन सगळी तालीम माझ्यावर. मी कोच व्हायचं. झाकण आपटायचं, केस उपटायचे, ‘आंधळ्या, तुझ्या आईनं तुला डोळे दिले की बटणं?’ असं म्हणायचं. आणि त्यानं काय करायचं? पहिल्यांदा नुसतं बघायचं. दुसऱ्यांदा जवळ यायचं, पण समोरासमोर नाही हं, समोर आलं की कोंबडे झुंजतात तसं होतं — बाजूला उभं राहायचं, दोघांनी मिळून मैदान बघायचं, जणू दोघांची एकच म्हैस हरवलीय. आवाज कोचपेक्षा खाली. बोट दाखवायचं नाही, हात लावायचा नाही. तिसऱ्यांदा हाताचा पंजा — बास, ऐकलं. आणि मग शिट्टी. शिट्टी झाली की तिथे थांबायचं नाही, पाठ करून लांब जायचं, म्हणजे कोचला स्वतःच्या तोंडाला लगाम घालायला जागा मिळते. कानात बोललेलं चालतं, लोकांना दाखवलेलं चालत नाही. म्हणजे तुम्ही त्याला हळूच ‘गाढव’ म्हणा, तो म्हणेल, बघू. पण कोट भिरकावला की संपलं. आणि सगळ्यात मोठा नियम — कोचनं प्रश्न विचारला तर उत्तर द्यायचं. नुसतं विधान केलं तर नाही द्यायचं.

चांगला नियम आहे. पण तो घरी लावतो ना! मी म्हणते, ‘एलिहियो, पोर रडतंय.’ गप्प. विधान झालं ते. मी म्हणते, ‘एलिहियो, गॅस संपला.’ पंजा. ‘ऐकलं योकास्ता, खेळ चालू दे.’ मग मी शिकले. ‘एलिहियो, गॅस का संपला?’ की लगेच सगळं सांगतो, कधी भरला, किती दिवस झाले, सविस्तर. आता मी त्याच्याशी नुसती प्रश्नच बोलते. ‘तुला माझी दया येत नाही का?’ ‘येते.’ ‘आज भांडी कोण घासणार?’ ‘मी.’ माझ्या सासूला हे जमत नाही, ती विधानंच करते, तिला त्यानं नाताळात टेक्निकल दिला. आईला! जेवणाच्या ताटावर असा ‘टी’ केला हातांनी. दोन दिवस बोलली नाही ती, घरात इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

ऐकलंत? शंख वाजले. तुमच्या एल फारोलचे ना ते? समोरचे पालो ब्लांकोवाले ढोल वाजवतात आणि तुमचे शंख फुंकतात, मला आतून सगळं कळतं, खिडकीशी जावं लागत नाही. म्हणजे अजून पुढे आहात तुम्ही. किती होता पुढे, तुम्ही निघालात तेव्हा? — सहा. आणि एकच डाव राहिलेला. बरं मग, जिंकताय की! पोरं शहाणी आहेत तुमची. एकोणीस वर्षांत पहिला चषक ना? मला माहीत आहे, सगळ्यांना माहीत आहे. आणि हे बघा, सामना संपला की दोन्या एर्सिलिया येतील या खिडकीशी, लीगच्या तपासनीस, जाड भिंगाच्या चष्म्यावाल्या, आज मुद्दाम एलिहियोला बघायला आल्यात — वरच्या लीगची शिट्टी द्यायची की नाही त्याला. त्या कागद आणतील, बाहेर काढलेल्या कोचनं सही करायची असते. काही तक्रार असेल तर ती सहीच्या आधी सांगायची. सांगितली तर शेवटचा डाव पुन्हा खेळवतात म्हणे, आणि पंचाची शिट्टी काढून घेतात चूक असेल तर. सही झाली की मग संपलं, मग देवाकडे जा. पण कुणी तक्रार केली नाही आजवर. कशाला करतील? एलिहियो खोटं काढत नाही कुणाला. अख्ख्या प्रांतात विचारा.

आठ मिनिटं झाली.

आठ मिनिटं झाली मास्तर, आणि ही अजून रडतेय. तोरिबियोला चार लागली, मागच्या एका दाढीवाल्या कोचला सहा. तुम्ही नीट धरलीय ना? डावीकडे? हृदयावर? थांबा, मनगट द्या तुमचं. द्या हो, मी काही चोर नाही. गप्प बसा, मोजते.

मास्तर, हे काय? हे तर टिक — टिक — टिक. एलिहियोसारखं! तुम्हाला राग आलेला नाही? अंतिम सामन्यातनं बाहेर काढलं, एवढ्या लोकांदेखत, सहा गुणांनी पुढे असताना, आणि राग नाही? मग तुम्ही केलंत काय बाहेर जायला? खुर्ची फेकली? — नाही. शिवी दिली? — कुणाला तरी दिली असेल हो, स्वतःच्या पोराला दिली असेल. — नाही. मग पहिला टेक्निकल कशाचा?

चष्मा पुसलात.

नुसता पुसलात? कशानं — शर्टाच्या टोकानं. हं. हं, पण बघा, तसं बघितलं तर, पंच समोर असताना चष्मा पुसणं म्हणजे काय, लोकांना वाटतं ना, हा म्हणतोय की पंचाला दिसत नाही — घाम आला होता? काचेवर? ...बरं. आणि दुसरा? दुसरा तरी मोठा असेल. — उसासा. कसला उसासा? जोरात सोडलात का? कसा सोडलात, तोंडानं की नाकानं? कारण तोंडानं सोडला तर खांदे खाली येतात, ते सगळ्या लोकांना दिसतं, ते ‘दाखवणं’ झालं, त्याला देतात, वर्गात शिकवलंय तसं — नाकानं.

नाकानं.

नाही हो, एलिहियो असं करणार नाही. तुम्हाला आठवत नसेल. तो तर तुमचं नाव घेतो! आज सकाळीच घेतलं. मीच विचारलं होतं, म्हणजे प्रश्नच होता, म्हणून उत्तर द्यावं लागलं त्याला. गुरुवारपासून झोपलेली नाही ही. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. तीन रात्री मी उभी आहे, मास्तर, काल पहाटे मी हिला घेऊन मोटारसायकलीवर बसले, बंद मोटारसायकलीवर, आणि तोंडानं भुर्र करत होते. आज सकाळी मला भिंतीतनं आवाज येत होते. तर मी त्याला विचारलं, एलिहियो, आज तू कुणाला बाहेर काढणार? तो म्हणाला, कुणालाच नाही. म्हणाला, पालो ब्लांकोचा कोच नवा आहे, घाबरट आहे, तोंड उघडत नाही. आणि एल फारोलचे फ्रेमियो मास्तर, तो माणूस म्हणजे गाय आहे, एकोणीस वर्षांत एक टेक्निकल नाही घेतलेला, सगळे कोच त्यांच्यासारखे असते तर शिट्टी कशाला लागली असती. असं म्हणाला. तुमचं कौतुकच केलं. आणि मी तिथेच खाली बसले, फरशीवर, त्या फ्रीजला टेकून. ओरडले नाही मी. भांडले नाही. मी त्याला बाहेर काढ असं म्हटलंच नाही कुणाला, शपथ घ्या माझ्याकडून. मी फक्त विचारलं. मी विचारलं, ‘मग एलिहियो, आज आपण झोपायचं कधी?’

आणि त्याला उत्तर आलं नाही. चार वर्षांत पहिल्यांदा. माझ्याकडे बघितलं, हिच्याकडे बघितलं, खुंटीवरची शिट्टी घेतली आणि गेला.

...

मी काय सांगत होते?

भात. भात खाणार का मास्तर तुम्ही? खरवड वेगळी काढते, तुम्हाला वरचा मऊ — नाही म्हणजे, त्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही. माणूस सकाळी काय ऐकतो आणि दुपारी काय करतो, त्यात किती तास जातात मध्ये! दुपारपर्यंत तो विसरलाही असेल. तीन रात्रींचा जागा माणूस, त्याला उसासासुद्धा किंकाळीसारखा ऐकू येत असेल. तो चांगला माणूस आहे हो. एकदा त्याच्याच आतेभावाचा संघ होता, त्याच्याविरुद्ध शेवटच्या सेकंदाला फाउल दिला त्यानं, आतेभाऊ अजून आमच्याकडे येत नाही. खोटं करत नाही तो. म्हणजे केलं नव्हतं कधी. खुर्ची का थांबवलीत? डोलू दे ना. मास्तर? मास्तर, तुमच्या मानेवर ती शीर — ती आधी नव्हती. तुमचे कान लाल झालेत. पाणी देऊ? असं बघू नका माझ्याकडे, मला भय वाटतं, मी नवऱ्याला सांगितलं नाही हो, मी त्याला नुसतं विचारलं — अहो, आपण सगळे माणसंच आहोत ना, तुम्हालाही लेकरं असतील — आहेत? चार? मग तुम्हाला तर कळेल — नाही, उठू नका. आधी उठू नका. तोंड उघडू नका. हवं तेवढं ओरडा मागाहून, माझ्या तोंडावर ओरडा, ते झाकण आपटा, पण आत्ता — आत्ता नको — बघा. बघा तिच्याकडे.

थांबली.

डोळे मिटतेय. एक मिटला. मास्तर, हलू नका. हातसुद्धा नको. तुमच्या शर्टाचं बटण तिच्या गालाखाली, ते मला इथनं दिसतंय उडताना. असं तर तोरिबियोचंही उडत नव्हतं! दुसराही मिटला. अगं माझ्या बाये. तीन रात्री... एकोणीस वर्षांचा राग साठवला होतात की काय तुम्ही? कुठे ठेवला होता एवढा? गाय म्हणतात तुम्हाला! — नाही, बोलू नका, मला कळतं ते. डोळ्यांवरनं कळतंय मला तुम्ही काय म्हणताय ते, आणि ते मी माझ्या पोरीपुढे उच्चारणार नाही.

मी पण हळू बोलते. ही बघा, खालीच बसते. तुमच्याइतकंच मलाही ऐकू येतंय, शंख कमी झालेत. ढोल वाढलेत. मघापासून ढोलच. सहाचे किती राहिले असतील? तुमच्या पोरांना आवाज द्यायला कुणी नाही. तो चौदा नंबरचा काटकुळा, तो सारखा बेंचाकडे बघतो, मी पाहिलंय त्याला मागच्या सामन्यात, प्रत्येक वेळी चेंडू टाकायच्या आधी तुमच्याकडे बघतो. आता बघत असेल आणि तिथे रिकामी खुर्ची. असं नका करू मास्तर, डोळ्यांतनं पाणी नको, दुःख चालत नाही तिला, जागी होईल — रागवा. रागवा माझ्यावर. मी केलं हे. माझी तीन रात्रींची झोप तुमच्या एकोणीस वर्षांपेक्षा मोठी झाली मला. हं. तसं. तसंच राहू द्या.

हा भोंगा. संपला सामना.

...शंख नाही.

एकही नाही.

ढोल. नुसते ढोल. पालो ब्लांको.

झोपलीय. ढोल वाजतायत दारापुढे आणि ही झोपलीय. तुमच्या छातीत त्यांच्याहून मोठा वाजतोय म्हणून. तिची मूठ सैल झाली बघा, गुरुवारपासून आवळलेली होती ती मूठ. मी आता काय करू, मास्तर? — तुम्ही बोलू शकत नाही. हो. तुम्ही तोंड उघडलंत तर जो आवाज निघेल तो पाद्रीबाबांपर्यंत जाईल, आणि ही उठेल. मग न बोलता तरी — मग उठून जा ना! मी अडवते का? दार उघडं आहे, तीस पावलं, दोन्या एर्सिलिया तिथेच आहेत. हिला माझ्याकडे द्या आणि जा. द्या. मी हात पुढे केलेत. द्या ना.

देत नाही.

का देत नाही हो तुम्ही?

...आल्या. खिडकीशी आल्या. या दोन्या एर्सिलिया — हळू, हळू, पोरगी झोपलीय आमची. हो, हेच ते, फ्रेमियो मास्तर, एल फारोलचे. किती हरले? एका गुणानं. ...एका. ऐकलंत मास्तर? नका ऐकू. सही हवी ना तुम्हाला? तो कागद इकडे द्या माझ्याकडे. तक्रार? तुम्ही त्यांना विचारताय. ते बोलणार नाहीत. त्यांना बोलायचंय, बाई, तुम्ही त्यांचे ओठ बघा, कसे गच्च दाबलेत, भरलंय तोंड, पण ते बोलणार नाहीत कारण ते बोलले तर ही उठेल. बघा, मान हलवतायत. ‘नाही’ म्हणतायत. पेन मागतायत, डाव्या हातानं. सही करणार. मास्तर, थांबा. पेन देऊ नका त्यांना, बाई.

मला द्या — नाही, मला नको, माझं अक्षर कुणाला वाचता येत नाही. तुम्हीच लिहा. माझ्या नावानं लिहा. योकास्ता, एलिहियोची बायको, ला हावीया. लिहा की पहिला टेक्निकल चष्मा पुसल्याचा. आणि दुसरा उसाशाचा, नाकानं सोडलेल्या. हो, नाकानंच, तसंच लिहा. आणि लिहा की पंचाच्या बायकोनं त्या दिवशी सकाळी पंचाला एक प्रश्न विचारला होता. काय प्रश्न, तो सांगते मी. त्याची शिट्टी जाईल, माहीत आहे. वरची काय, आहे तीही जाईल. जाऊ दे. तो आला की मला विचारेल, का सांगितलंस म्हणून, आणि प्रश्न विचारला की उत्तर द्यावं लागतं आमच्या घरात. देईन. शेवटचा डाव पुन्हा खेळवा, पण आज नको, मास्तर आज रिकामे नाहीत, तीन तास तरी नाहीत. आणि जरा हळू लिहा बाई — पेनाचा आवाज होतोय तुमच्या.